सर्वशक्तिमान नायकाचे डळमळते हेतू : ‘ओव्हरलॉर्ड’मधील आइन्झविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुगाने मारुयामा यांची ‘ओव्हरलॉर्ड’ ही लाइट नॉव्हेल (जपानी लोकप्रिय कादंबरी) मालिका वाचणाऱ्या किंवा तिचे ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) रूप पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एका टप्प्यावर हा प्रश्न पडतो : आइन्झ या तिच्या नायकाला नेमके हवे तरी काय? पुढील उत्तरांत १६व्या खंडापर्यंतच्या घटनांचा उल्लेख आहे. ज्यांना कथानक आधी कळू द्यायचे नसेल त्यांनी वाचन पूर्ण करून मगच पुढे जावे.

नायक अतिबलाढ्य असला की त्याच्या हेतूंची इतकी चिकित्सा का होते?

एरवीच्या साहसकथेत नायक काय करील हे मोठ्या प्रमाणात त्याच्या मर्यादा ठरवतात. शत्रू बलवान असतो म्हणून तो सोबती जोडतो, पैसा नसतो म्हणून नको ती कामगिरी पत्करतो, जीव धोक्यात येतो म्हणून पळतो. त्याला काय हवे आहे हे लेखकाने थोडे धूसर ठेवले तरी परिस्थितीचा रेटा कथा पुढे नेतो आणि वाचकाला कुठे अडखळल्यासारखे वाटत नाही. आइन्झच्या बाबतीत हा रेटाच नाही. तो यग्द्रासिल या ऑनलाइन खेळातल्या कमाल, म्हणजे १००व्या पातळीवरच्या जादूगाराच्या, एका अमर सांगाड्याच्या देहासह नव्या जगात येतो आणि त्या जगात वीर म्हणून नावाजलेली माणसे त्याच्यापुढे क्षणभरही टिकत नाहीत. त्याला भाग पाडणारे फारसे काही नसल्यामुळे त्याने केलेली प्रत्येक गोष्ट त्याला ती करावीशी वाटली म्हणूनच केलेली असते. त्यामुळे त्याचे प्रत्येक कृत्य त्याच्या इच्छेचा पुरावा म्हणून वाचले जाते, आणि दोन पुरावे एकमेकांशी जुळले नाहीत की वाचक ताबडतोब थबकतो. ही वाचकाची खोड नव्हे. या प्रकारच्या कथेने स्वतःहून ओढवून घेतलेली कसोटी आहे.

आइन्झच्या मनात एकूण कोणकोणते हेतू दिसतात?

पहिल्याच खंडात त्याचे हेतू एकमेकांत गुंतलेले दिसतात. खेळातले जुने सोबती या जगात आले असतील तर ते सापडावेत, नाझारिकच्या थडग्याचे, म्हणजे खेळातल्या त्यांच्या तळाचे, आणि तिथल्या सेवकांचे रक्षण व्हावे, नव्या जगाची माहिती मिळावी आणि आपल्यासारखा दुसरा कोणी बलाढ्य खेळाडू अचानक समोर उभा ठाकू नये, अशी त्याची धडपड असते. पुढे त्यात जग जिंकण्याचे उद्दिष्ट येते, मग राज्यकारभार येतो, सर्व वंशांनी एकत्र नांदावे अशा राष्ट्राची कल्पना येते, अज्ञात प्रदेश शोधणाऱ्या खऱ्याखुऱ्या साहसवीरांना आश्रय देण्याची हौस येते आणि या सगळ्याच्या तळाशी सेवकांसमोर आपले अज्ञान उघडे पडू नये ही कायमची धास्ती असते.

इतके हेतू एका पात्रात असणे गैर नाही. अडचण अशी की ते वेगवेगळ्या खंडांत वेगवेगळ्या क्रमाने डोके वर काढतात आणि एखाद्या प्रसंगी कोणता हेतू वरचढ ठरला हे मजकूर नेहमी सांगत नाही.

मग या सगळ्यांना जोडणारे एखादे सूत्र आहे का?

माझ्या मते आहे, आणि ते पहिल्या प्रकरणातच ठेवलेले आहे. आइन्झ म्हणजे मुळात सुझुकी सातोरु हा नोकरदार माणूस आहे. आईवडील नाहीत, शिक्षण प्राथमिक शाळेपुरते, घरी वाट पाहणारे कोणी नाही. त्याच्या आयुष्यातली मोलाची एकच गोष्ट म्हणजे ४१ जणांचा तो गिल्ड, म्हणजे खेळातला खेळाडूंचा संघ. खेळ कायमचा बंद होण्याच्या रात्री, २१३८ साली, तो एकटाच त्या सभागृहात थांबतो, कारण बाकीचे केव्हाच आपापल्या संसारात परतलेले असतात. गिल्डचा प्रमुख तो होता खरा, परंतु तिथे निर्णय बहुमताने होत आणि त्याचे काम भांडणे मिटवण्याचे व सर्वांचे म्हणणे जुळवून घेण्याचे होते. स्वतःची इच्छा पुढे रेटणारा नेता तो कधीच नव्हता.

असा माणूस एकाएकी सर्वशक्तिमान झाला तर काय करील? तो सवयीप्रमाणे दुसऱ्यांचे म्हणणे शोधील. सोबती समोर नाहीत म्हणून तो त्यांच्या आठवणींकडे पाहतो, आणि आठवणी पुरेशा पडत नाहीत तेव्हा त्यांनी घडवलेल्या सेवकांकडे पाहतो. त्याने खेळातले स्वतःचे मोमोंगा हे नाव टाकून गिल्डचेच नाव, आइन्झ ऊल गाऊन, धारण केले यातही हेच आहे : ते नाव जगभर गाजले तर कुठेतरी असलेल्या सोबत्याच्या कानावर पडेल ही आशा. आइन्झचे हेतू बदलतात असे वाटते त्या बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात त्याने ज्याचे ऐकले ती व्यक्ती बदललेली असते.

कार्ने गाव वाचवणारा आणि कात्झेच्या मैदानावर सैन्य चिरडणारा आइन्झ एकच कसा असू शकतो?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून दोन्ही प्रसंग नीट पाहणे आवश्यक आहे.

कार्ने गावातली कत्तल आइन्झ दूरदर्शी आरशात पाहतो तेव्हा त्याला काहीच वाटत नाही, आणि आपल्याला काही वाटत नाही याचेच त्याला आश्चर्य वाटते. तो पाठ फिरवणारच असतो, इतक्यात बाजूला उभ्या असलेल्या सेबास या सेवकामध्ये त्याला त्याचा निर्माता, म्हणजे टच मी हा जुना सोबती, दिसल्याचा भास होतो. संकटात सापडलेल्याला मदत करणे ही साधी रीत आहे, असे मानणाऱ्या त्याच सोबत्याने कधीकाळी मोमोंगाला वाचवलेले असते. ते ऋण फेडावे म्हणून आइन्झ जातो. शिवाय आपली ताकद या जगात किती चालते हे केव्हातरी पाहावेच लागणार, असा हिशेबही त्याच वेळी त्याच्या मनात असतो. गावातली एन्री आणि तिच्या धाकट्या बहिणीविषयी करुणा हे त्या कृतीचे मूळ कारण नाही. ॲनिमेच्या पहिल्या हंगामात हा क्षण झरकन निघून जातो आणि प्रेक्षक नायकाच्या दयाळूपणाची खूणगाठ मनाशी बांधतो. पुढच्या अपेक्षाभंगाचे बीज इथेच पडते.

नवव्या खंडात कात्झेच्या मैदानावर तो शेजारच्या बाहारुथ साम्राज्याच्या बाजूने उभा राहतो आणि एकाच मंत्राने री-एस्टिझे राज्याचे सुमारे ७०,००० सैनिक मारतो. त्यातून जन्मलेले पाच महाकाय पशू उरलेल्या फौजेवर सोडतानाही त्याला खंत नसते. उलट, एका मंत्रातून पाच पशू निघाले याचा, खेळात विक्रम करणाऱ्याला व्हावा तसा, निर्भेळ आनंद होतो. हा आनंद मला संपूर्ण मालिकेतला सर्वांत भयंकर तपशील वाटतो, कारण तो क्रूरतेपेक्षा थंड आहे. समोर मरणारी माणसे त्याच्या लेखी मोजणीत येतच नाहीत.

दोन्ही प्रसंगांत आइन्झच्या मनात माणसांविषयी असलेली भावना सारखीच, म्हणजे जवळजवळ शून्य आहे. पहिल्या वेळी एका सोबत्याची आठवण आडवी आली, दुसऱ्या वेळी तशी कोणतीही आठवण नव्हती. कृती परस्परविरोधी आहेत. प्रेरणा परस्परविरोधी नाहीत.

गॅझेफविषयी त्याला आदर होता, तरी त्याने त्याला मारले. हे कसे?

री-एस्टिझे राज्याचा योद्धा गॅझेफ स्ट्रोनॉफ याच्या ठायी मृत्यूकडे समजून-उमजून चालत जाण्याचे जे बळ आहे, त्याचा आइन्झला पहिल्या खंडापासून हेवा वाटतो. स्वतःमध्ये जे नाही ते त्याला या माणसात दिसते. मैदानावर तो गॅझेफला आपल्या सेवेत येण्याचे आमंत्रण देतो, ते नाकारले गेल्यावर द्वंद्व स्वीकारतो आणि त्याला मारतो. पुन्हा जिवंत करण्याची शक्ती हाताशी असून तो ती वापरत नाही, कारण गॅझेफची तशी इच्छा नव्हती. इथे मला विसंगती मुळीच दिसत नाही. स्वतःची आवड बाजूला ठेवून दुसऱ्याचा निर्णय मानणे हीच तर आइन्झची जुनी सवय आहे, आणि या एका प्रसंगात ती एका माणसाच्या वाट्याला आली.

अमर देहामुळे भावना दबतात, तर मग तो इतका रागावतो कसा?

नियम असा आहे की भावना एका मर्यादेपलीकडे गेली की ती जबरदस्तीने शमवली जाते. मर्यादेच्या आतली भावना मात्र धुमसत राहते. त्यामुळे चिंता, संकोच, लहानसहान समाधान हे सगळे त्याला वाटते. तीव्र क्रोध उसळतो, दाबला जातो आणि कारण समोरच असेल तर पुन्हा उसळतो. नियम स्पष्ट आहे. मात्र लेखक तो सोयीने वापरतात असे म्हणायला जागा आहे. विनोदी प्रसंगी शमन अगदी वेळेवर होते. गंभीर प्रसंगी कधी त्याचा उल्लेखच येत नाही. याला मी पात्रातील विसंगती म्हणणार नाही, पण लेखनातील ढिलाई अवश्य म्हणेन.

जग जिंकण्याचे उद्दिष्ट नेमके कुठून आले?

पहिल्या खंडात आइन्झ रात्री बाहेर पडतो, आभाळभर तारे पाहतो आणि जग जिंकणे मजेचे ठरेल अशा अर्थाचे काहीतरी सहज बोलून जातो. त्यामागेही आठवण आहे : यग्द्रासिलमधले एखादे विश्वच जिंकून घेऊ या, असे गिल्डमधले काही वात्रट सोबती थट्टेने म्हणत असत. डेमिअर्ज हा सेवक ते शब्द धन्याची आज्ञा म्हणून मनात कोरून घेतो. यानंतर सेवकांच्या सर्व योजना त्या दिशेने धावू लागतात आणि आइन्झला ते उशिरा उमगते, तेव्हा मागे फिरणे अवघड झालेले असते. आपण इतके दूरदर्शी नाही हे कबूल केले तर सेवकांची श्रद्धा ढळेल, ही भीती त्याला गप्प ठेवते.

कल्पना म्हणून हे उत्तम आहे. ज्याला कोणीच अडवू शकत नाही अशा नायकाला त्याच्या भक्तांच्या अपेक्षा अडवतात, आणि बाहेरच्या शत्रूची उणीव ही आतली कोंडी भरून काढते. तो आरशासमोर राजाच्या थाटाची तालीम करतो, अधिकारवाणीची वाक्ये पाठ करतो, हे सगळे हसवणारे आहे आणि त्याच वेळी खरे वाटणारेही.

उणीव पुढे आहे. गैरसमजातून आलेले उद्दिष्ट आइन्झ केव्हा आपले मानतो, तो क्षण आपल्याला ठळकपणे दाखवलेला नाही. आधीच्या खंडांत तो प्रवाहाबरोबर वाहतो, नंतरच्या खंडांत तो स्वतः वल्ही मारताना दिसतो, आणि मधला बदल वाचकाने गृहीत धरायचा असतो. ज्या बदलावर हजारोंचे प्राण अवलंबून आहेत त्यासाठी एखादे प्रकरण खर्ची घालायला हवे होते.

सातव्या खंडात थडग्यात शिरलेल्या भाडोत्री साहसवीरांशी तो जसा वागतो, त्याचे समर्थन होऊ शकते का?

नैतिक समर्थन तर नाहीच, आणि कथेच्या अंगानेही हा मालिकेतला सर्वांत कमकुवत दुवा आहे असे माझे मत आहे. ही माणसे नाझारिककडे ओढली जातात ती आइन्झच्या सेवकांच्या डावपेचांनी, आणि त्याला त्याची संमती असते. प्रवासात मोमोन या साहसवीराच्या वेषातला आइन्झ त्यांना विचारतो की तुम्ही या अवशेषांत कशासाठी जात आहात. पैशासाठी, असे साधे उत्तर मिळते. नंतर त्यांच्यापैकी पकडला गेलेला हेक्केरान जीव वाचवण्यासाठी, आपल्याला इथे येण्याची परवानगी मिळाली होती असे सांगतो. आइन्झ क्षणभर आशेने थांबतो, कारण परवानगी देणारा एखादा हरवलेला सोबतीच असू शकतो. थाप उघड होताच त्याचा राग अनावर होतो.

थापेवरचा राग पूर्णपणे पटतो. ती त्याची नेमकी दुखरी जागा आहे. परंतु सोबत्यांचे घर घाणेरड्या पायांनी विटाळले म्हणून येणारा संताप, आणि तेच पाय आपणच आत येऊ दिले ही वस्तुस्थिती, यांचा मेळ बसत नाही. स्वतःच्या अपराधीपणाचा राग तो त्यांच्यावर काढतो आहे असे वाचता येईल. तसे सूचित करणारे अर्धे वाक्य जरी मजकुरात ठामपणे आले असते तरी हा प्रसंग मालिकेतला सर्वोत्तम ठरला असता. ते न आल्यामुळे तो प्रसंग लेखकाला हवा होता म्हणून घडला, अशी शंका उरते.

विसंगती पात्राची आहे की लेखकाची, हे ओळखायचे कसे?

मी एकच गोष्ट पाहतो : त्या विसंगतीची मजकुराला जाणीव आहे का? तिची किंमत कथेत कोणालातरी मोजावी लागते का, एखादे दुसरे पात्र ती हेरते का, नायक स्वतः तिच्यापाशी थबकतो का? कार्ने गावात आइन्झ आपल्या निर्विकारपणापाशी थबकतो, म्हणून तिथली विसंगती पात्राची. शाल्टियर या सेविकेचे मन कोणीतरी ताब्यात घेते आणि आइन्झला तिला स्वतःच्या हाताने मारावे लागते, तेव्हा सेवकांना एकमेकांशी लढताना पाहणे सहन होणार नाही म्हणून सावधपणाचे सारे नियम मोडून तो एकटाच जातो. सेवक त्यावर हरकत घेतात, चिंता करतात. म्हणून तीही पात्राची. सातव्या खंडातल्या संतापाकडे मात्र कथेतले कोणीही प्रश्नार्थक नजरेने पाहत नाही.

इतका बलवान असून तो एवढा सावध का राहतो?

यग्द्रासिलमध्ये आपल्यापेक्षा सरस खेळाडू होते हे त्याला ठाऊक आहे आणि शाल्टियरवर वापरली गेलेली विश्वस्तरीय (खेळातल्या सर्वांत प्रबळ प्रकारची) वस्तू या जगातही धोका आहे याचा पुरावा ठरते. सावधपणा योग्यच आहे. प्रश्न उरतो तो, इतका सावध माणूस हजारो साक्षीदारांसमोर आपली शक्ती उघड करतो तेव्हाचा. त्याचे कथेतले उत्तर, म्हणजे लपलेल्या शत्रूला चिथावणी मिळावी आणि इतरांना धाक बसावा हे, मला अर्धेच पटते.

ॲनिमे पाहणाऱ्यांना आइन्झ अधिक लहरी का वाटतो?

मॅडहाउस या स्टुडिओने २०१५, २०१८ आणि २०२२ या वर्षांत एकूण चार हंगाम केले. पहिल्या तीन हंगामांत प्रत्येकी तीन खंड १३ भागांत बसवले. अशा वेळी प्रथम कापले जाते ते स्वगत, आणि आइन्झचे हेतू तर जवळजवळ पूर्णपणे स्वगतात राहतात. बाहेरून तो दरारा असलेला सांगाडा दिसतो. आतला गोंधळलेला नोकरदार कधीकधी एखाद्या विनोदी ओळीपुरता उरतो. मूळ कादंबऱ्यांतही एक अडचण आहे. चौथा खंड मुख्यतः सरडेमानवांच्या नजरेतून येतो, १२व्या आणि १३व्या खंडांत नेया बाराहा या तरुणीचे डोळे आपल्याला आइन्झ दाखवतात आणि तिला तो न्यायाची मूर्ती वाटतो. त्यामुळे वाचकाने नायकाच्या मनात राहण्याचा काळ एकूण पानांच्या मानाने कमी आहे. कोणाला खरोखर उत्तर हवे असेल तर त्याने निदान पहिला, तिसरा आणि सातवा खंड पुस्तकरूपात वाचावा.

१४व्या खंडात संपूर्ण री-एस्टिझे राज्याचा संहार होतो. तिथे तरी हेतू स्पष्ट आहे का?

निमित्त क्षुल्लक आहे : फिलिप नावाच्या एका मूर्ख सरदाराने आइन्झच्या राष्ट्राचा धान्याचा तांडा लुटला. शरण येणाऱ्याला काय मिळते हे जगाने पाहिले, आता विरोध करणाऱ्याचे काय होते तेही दिसावे, असा राजकीय हिशेब त्यातून पुढे येतो. हिशेब समजतो, पण प्रमाण डोळ्यांत खुपते. सोबत्यांना आपले नाव अभिमानाने ऐकू यावे म्हणून झटणारा माणूस ते नाव अशा संहाराशी जोडतो, तेव्हा टच मी हे ऐकून काय म्हणेल हा विचार त्याच्या मनात जोराने यायला हवा होता.

याच खंडात राजपुत्र झानॅक त्याला तोंडावर विचारतो की तुला हवे आहे तरी काय, आणि आइन्झचे उत्तर असते, सुख. त्याचे स्वतःचे आणि त्याच्या माणसांचे सुख. त्यासाठी इतरांनी काय भोगले याला महत्त्व नाही. मालिकेत पहिल्यांदाच कोणीतरी वाचकांचा प्रश्न थेट विचारतो आणि नायक आडपडदा न ठेवता उत्तर देतो. हा संवाद मी फार मोलाचा मानतो. तो काही खंड आधी आला असता तर अर्ध्याहून अधिक वाद उद्भवलेच नसते.

इतर बलाढ्य नायकांच्या तुलनेत आइन्झ कुठे उभा आहे?

‘दॅट टाइम आय गॉट रीइनकार्नेटेड ॲज अ स्लाइम’ या मालिकेत चिखलगोळ्याच्या (स्लाइमच्या) रूपात पुनर्जन्म घेणाऱ्या रिमुरुचे उदाहरण उपयोगी आहे. तोही मवाळपणापासून सुमारे २०,००० सैनिकांच्या संहारापर्यंत येतो. परंतु त्याच्या नगरावर हल्ला होतो, शिओन ही सोबतीण आणि इतर मारले जातात, त्यांना परत आणण्याचा मार्ग त्याने दानवराज होण्यातून जातो, आणि हे सगळे वाचकासमोर पायरीपायरीने घडते. तो निर्णय आवडो वा न आवडो, तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. आइन्झ हे त्याच्यापेक्षा खोल आणि धाडसी पात्र आहे असे मला वाटते. हेतूंची मांडणी मात्र रिमुरुच्या कथेत अधिक चोख आहे.

स्वतः अशी कथा लिहिणाऱ्याने यातून काय घ्यावे?

नायकाला शक्ती देण्याआधी त्याला नकार कोणाला देता येत नाही हे ठरवावे. आइन्झला सेवकांना नकार देता येत नाही, म्हणून इतकी शक्ती असूनही त्याची कथा उभी राहते. त्यानंतर ज्या प्रसंगी त्याचा हेतू वळण घेतो तो प्रसंग वाचकासमोर घडवावा. दोन खंडांच्या मधल्या पोकळीत तो घडू देऊ नये. क्रमशः लिहिताना हे विशेष जपावे लागते, कारण पुढे काय लिहायचे याची निकड मागे काय लिहिले याची आठवण पुसून टाकते. ही मालिकादेखील २०१० मध्ये वेबवर सुरू झाली, २०१२ पासून पुस्तकरूपात येताना ती नव्याने घडवली गेली आणि नाझारिकच्या सेवकांची प्रमुख अल्बेडो हिच्यासारखे महत्त्वाचे पात्र त्या वेळी नव्याने आले.

अलीकडच्या खंडांत त्याचे हेतू स्थिरावले आहेत का?

२०२२ साली आलेल्या १५व्या आणि १६व्या खंडांत आइन्झ ऑरा आणि मारे या, एका सोबत्याने घडवलेल्या, जुळ्या बालसेवकांना घेऊन एल्फांच्या अरण्यात जातो. त्यामागे माहिती मिळवण्याचा हेतू आहेच, पण त्याला मनापासून हवे असते ते या मुलांना त्यांच्या वयाचे मित्र मिळावेत हे. त्यासाठी तो ज्या अवघडलेपणाने, एखाद्या नवख्या पालकासारखा खटपट करतो, ती पाहता सोबत्यांविषयीची त्याची ओढ आता त्यांच्या मुलांकडे वळली आहे असे दिसते. मुलांची सुट्टी यशस्वी व्हावी म्हणून तो निरपराध गावकऱ्यांना संकटात लोटायलाही मागेपुढे पाहत नाही, आणि या वेळी त्याचे कारण वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते.